उन्हाच्या गावातल्या मुली

बँकेत पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाकडे निवृत्तीनंतरही गावातले कागद येतच राहतात. सोनगीरला मुक्कामी असलो, की सकाळच्या चहाबरोबर कुणी कर्जमाफीची यादी घेऊन येतो, कुणी सातबाराचा उतारा, कुणी विम्याची पॉलिसी. ‘आबा, जरा वाचून सांगा,’ एवढीच मागणी असते. माझ्या कादंबऱ्या त्यांतल्या फार थोड्यांनी वाचल्या असतील. पण मला कागद वाचता येतो, यावर मात्र सगळ्यांचा विश्वास आहे.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या धाकट्या भावाची बायको अशीच एक फाइल घेऊन आली. फरक इतकाच, की ती फाइल पदराआड होती आणि चहा घेऊन आलेले बाकीचे लोक उठून जाईपर्यंत ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. आत चौदा पानांचा रंगीत इंग्रजी अहवाल होता. माझ्या तेवीस वर्षांच्या पुतणीचा. ती धुळ्याला एमएस्सी करते. अकरावीपासून तिची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने लांबते. हनुवटीवर केस येतात, ते ती पहाटे उठून काढते. वजन वाढते आहे. कुणीतरी सांगितले, की जनुकांची तपासणी केली म्हणजे मुळावरच बोट ठेवता येते. एका खासगी प्रयोगशाळेला अकरा हजार रुपये मोजून रक्त दिले गेले. अहवालात चार नावे होती : फॉक-वन, बीएसएम-वन, अपा-वन आणि टॅक-वन. त्यांतल्या दोहोंपुढे तांबड्या शाईत ‘बदल आढळला’ असा शेरा होता आणि शेवटच्या पानावर वर्षभराच्या गोळ्यांची शिफारस होती. त्या गोळ्याही त्याच प्रयोगशाळेच्या.

‘आबा, हा रक्तातला दोष आहे का?’ तिने विचारले. ‘पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे. त्या लोकांना सांगावं लागेल का?’

मी अहवाल दोनदा वाचला. काही कळले नाही. बँकेने मला एक गोष्ट शिकवली आहे : जो कागद समजला नाही, त्यावर शिक्का मारायचा नाही. दुसऱ्या दिवशी मायलेकींना घेऊन मी धुळ्याला एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो आणि त्यानंतरचे तीन महिने मिळेल ते वाचत राहिलो. हा लेख त्या तीन महिन्यांचा हिशेब आहे.

* * *

आधी आजाराविषयी. डॉक्टरीणबाईंनी त्याचे नाव सांगितले : पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पीसीओएस. १९३५ मध्ये शिकागोच्या आयर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकिकत प्रसिद्ध केली. पाळी नीट येत नाही, मूल होत नाही, अंगावर केस वाढतात आणि अंडाशय आकाराने मोठे, असे ते चित्र होते. तेव्हापासून हा आजार वैद्यकाच्या पुस्तकात आला. नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. सोनोग्राफीत मोत्यांच्या सरीसारखे जे दिसते, त्या गाठी नव्हेतच. ती पक्व होता होता मध्येच थांबलेली बीजांची घरे असतात. बीज बाहेर पडत नाही, म्हणून पाळी लांबते. अंडाशयात पुरुषी संप्रेरके थोडी जास्त तयार होतात, म्हणून हनुवटीवर केस येतात. आणि बऱ्याच जणींच्या शरीरात इन्शुलिन हवे तसे लागू पडत नाही. मग शरीर ते आणखी तयार करते आणि हे जादा इन्शुलिन अंडाशयाला आणखी पुरुषी संप्रेरके करायला भाग पाडते. असे ते चक्र आहे.

निदानाचे आज सर्वत्र वापरले जाणारे निकष २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरले : अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांची वाढ आणि सोनोग्राफीतले ते चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी हव्यात, आणि थायरॉइडसारखी दुसरी कारणे आधी तपासून बाजूला काढायला हवीत. या निकषांत जनुकांची तपासणी कोठेही नाही.

किती जणींना हा आजार असतो? मुंबईच्या परळ भागातल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १५ ते २४ वर्षांच्या मुली तपासल्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात रॉटरडॅमच्या निकषांनी २२.५ टक्के मुलींत हा आजार आढळला. अधिक कडक निकष लावले तेव्हा १०.७ टक्के. देशभरातल्या १८ ते ४० वयाच्या जवळजवळ दहा हजार स्त्रियांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे रॉटरडॅमच्या मापाने हे प्रमाण १९.६ टक्के निघाले. माप कोणतेही घ्या, कॉलेजच्या एका वर्गात अशा पाच-सात मुली बसलेल्या असतात आणि प्रत्येकीला वाटते, की आपण एकटीच.

* * *

इथे मला अक्काविषयी लिहिले पाहिजे. माझी सर्वांत थोरली बहीण. १९७१ मध्ये तिचे लग्न झाले आणि १९७८ मध्ये ती सोनगीरला परत आली. ‘परत आली’ असे आम्ही म्हणायचो. खरे म्हणजे तिला आणून सोडले होते. सात वर्षांत मूल नाही. तिच्या नवऱ्याची तपासणी झाली नाही, तिचीही झाली नाही. अंगारे झाले, उपास झाले. मग त्याचे दुसरे लग्न झाले. आमचे गाव तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते; पुढची तीस वर्षे अक्का मागच्या खोलीत बसून चिंचेने घरातली भांडी घासत राहिली. सणाला ओटी भरायच्या वेळी ती आपण होऊन आत जाई. २००९ मध्ये ती गेली.

तिच्या हनुवटीवर केस होते. लहानपणी आम्ही भावंडे त्यावरून हसत असू. पाळीबद्दल बोलण्याची तर सोयच नव्हती. तिला हाच आजार होता, असे आज कुणीही खात्रीने सांगू शकणार नाही. पण डॉक्टरीणबाई माझ्या पुतणीला समजावून सांगत होत्या, ‘अगं, यात मूल होत नाही असं नाही. बहुतेकींना होतं. काहींना थोडे दिवस गोळ्या लागतात, इतकंच,’ तेव्हा मी खिडकीबाहेर बघत बसलो होतो.

* * *

पुतणीच्या रक्तात ‘ड’ जीवनसत्त्वाचे प्रमाण नऊ निघाले. वीसच्या खाली म्हणजे कमतरता, असे साधारण मानतात. ‘खानदेशात? आणि ऊन कमी?’ मी विचारले. बाई हसल्या. म्हणाल्या, ‘ऊन गावाला आहे हो. मुलीला कुठे आहे?’

‘ड’ जीवनसत्त्व शोधले गेले ते मुडदुसामुळे. १९१९ मध्ये इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिल्लांवर प्रयोग करून कॉडलिव्हर ऑइलने मुडदूस बरा होतो, हे दाखवले. त्याच वर्षी बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांना नुसत्या अतिनील दिव्यासमोर बसवून बरे केले. एकच रोग तेलानेही बरा होतो आणि प्रकाशानेही! हे कोडे पुढे उलगडले. अ, ब, क नंतर सापडले म्हणून १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी त्याला ‘ड’ हे अक्षर दिले. पण ते खरे तर जीवनसत्त्वापेक्षा संप्रेरकाच्या जातीचे. उन्हातल्या अतिनील ‘बी’ किरणांनी ते आपल्या कातडीत तयार होते, यकृतात त्याचे एक रूपांतर होते, मूत्रपिंडात दुसरे, आणि मग ते शरीरभर हुकूम घेऊन हिंडते.

मात्र हे किरण सकाळी-संध्याकाळी तिरप्या उन्हात फारसे पोचत नाहीत. खिडकीच्या काचेतून ते येत नाहीत. सावळ्या कातडीला तेवढ्याच कामासाठी अधिक वेळ लागतो. आता माझ्या पुतणीचा दिवस पाहा. सकाळी सातला एसटी, कॉलेजात प्रयोगशाळा, दुपारी वाचनालय. स्कूटीवर बसली तर डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधलेला, कोपरापर्यंत हातमोजे, वर सनकोट. रंग काळवंडला तर स्थळे येणार नाहीत, ही घरच्यांची शिकवण. आहारातही भर पडत नाही. हे जीवनसत्त्व मुख्यतः मासे आणि अंड्याच्या बलकात असते, आणि आमच्या शाकाहारी घरात दोन्ही वर्ज्य. दूध आणि तेलात ‘अ’ आणि ‘ड’ मिसळण्याचे नियम २०१८ पासून आहेत, पिशवीवर ‘+एफ’ अशी खूण असते. पण मिसळणे ऐच्छिक आहे आणि आमच्या घरी येते ते गवळ्याचे दूध.

ही एकट्या आमच्या घरची गोष्ट नव्हे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी २५ ते ३५ वर्षांच्या धडधाकट तरुण-तरुणींचा अभ्यास केला. २०११ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सुमारे सत्तर टक्के लोकांत ‘ड’ कमी होते. दिल्लीत २००० मध्ये झालेल्या एका अभ्यासात सैनिकांचे प्रमाण त्यातल्या त्यात बरे निघाले आणि डॉक्टर-परिचारिकांचे फारच कमी. ऊन देशाला नव्हे, माणसाला लागावे लागते, हेच त्याचे सार.

माझ्या लहानपणी होळीच्या सुमारास गल्लीतल्या साऱ्या बायका-मुली भर अकरा वाजता धाब्यावर असत. ज्वारीचे बिबडे, कुरडया, उडदाचे पापड. ते आरोग्यासाठी नव्हते, कष्टच होते. पण ऊन मिळत होते. आता बिबडे धुळ्याहून पाकिटातून येतात.

* * *

आता तो तांबड्या शाईचा शेरा. ‘ड’ जीवनसत्त्वाचा हुकूम पेशीला कळावा म्हणून पेशीत एक प्रथिन असते. त्याला ग्राही म्हणतात. चेकवरची सही ओळखणारा कारकून म्हणा. हे प्रथिन कसे बनवायचे, ते बाराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेले आहे. त्या मजकुरात काही ठिकाणी माणसामाणसांत एखाद्या अक्षराचा फरक असतो, जसे कुणी ‘पाणी’ लिहितो, कुणी ‘पानी’. अर्थ बहुधा तोच राहतो.

फॉक-वन, टॅक-वन ही नावे रोगाची नाहीत, दोषाचीही नाहीत. ती कात्र्यांची आहेत. जीवाणूंपासून मिळालेली ही रसायने ठरावीक अक्षरे दिसली तरच जनुकाचा धागा कापतात. टॅक-वन हे गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या ‘थर्मस अ‍ॅक्वाटिकस’ या जीवाणूचे. नावातला ‘टॅक’ त्याचाच. धागा कापला गेला की नाही, यावरून तिथे कोणते अक्षर आहे, ते कळते. टॅक-वनच्या जागी अक्षर बदलले तरी प्रथिन बदलत नाही. फॉक-वनच्या जागी बदलले, तर ४२४ कड्यांऐवजी ४२७ कड्यांचे प्रथिन बनते. ते प्रयोगशाळेत किंचित मंद काम करते, इतकेच. असे फरक जगातल्या सगळ्या लोकसमूहांत सर्रास आढळतात. याच जनुकात खरा बिघाड झाला, तर लहानपणीच औषधाला दाद न देणारा मुडदूस होतो, पुष्कळदा डोक्यावर केसही राहत नाहीत. पण तो आजार अत्यंत दुर्मिळ आहे. ‘बदल’ आणि ‘बिघाड’ या दोन शब्दांमधले हे अंतर त्या चौदा पानांत कुठेच लिहिलेले नव्हते.

या फरकांचा इतिहास मला बँकेतल्या माणसासारखा मोह घालून गेला. १९९४ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी ‘नेचर’ या नियतकालिकात जाहीर केले, की हाडे किती भक्कम, हे याच जनुकातल्या फरकांवरून बऱ्याच अंशी सांगता येते. जगभर खळबळ उडाली. १९९७ मध्ये त्यांनीच त्याच नियतकालिकात दुरुस्ती छापली. काही नमुन्यांची तपासणी चुकली होती आणि परिणाम वाटला त्यापेक्षा बराच कमी होता. पुढे २००६ मध्ये युरोपातल्या २६ हजारांहून अधिक लोकांचा हिशेब मांडला गेला. फॉक-वन, बीएसएम-वन, अपा-वन, टॅक-वन : हाडांच्या घनतेशी चौघांचाही संबंध आढळला नाही. चुकलेली नोंद तांबड्या शाईने दुरुस्त करून खाली सही करणारा माणूस मला नेहमी आदरणीय वाटला आहे.

पीसीओएसच्या बाबतीत हैदराबादच्या संशोधकांनी आपल्याकडच्या स्त्रियांमध्ये हे ग्राही जनुक तपासले आहे. २०१५ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. इतर देशांतही असे अभ्यास झाले. पण ते काहीशे स्त्रियांचे. एकात एका फरकाचा संबंध दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही. या आजाराशी जोडली गेलेली जनुके परळच्या त्याच संस्थेने एका कोशात एकत्र केली आहेत. पहिल्या आवृत्तीत ती २४१ होती, २०२० च्या आवृत्तीत ५३३. २०१८ मध्ये युरोपीय वंशाच्या दहा हजारांवर रुग्ण स्त्रियांची संपूर्ण जनुकीय पाहणी झाली, तेव्हा १४ जागा ठळकपणे पुढे आल्या. त्यांत ‘ड’च्या ग्राहीची जागा नाही. आजार घराण्यात चालतो, हे खरे. आईला, बहिणीला असेल तर शक्यता वाढते. पण तो अनेक लहान लहान वाटेकऱ्यांचा संयुक्त खातेदार आहे. त्यातल्या एका नावावरून शिल्लक सांगता येत नाही.

डॉक्टरीणबाईंनी हेच एका वाक्यात सांगितले. ‘या अहवालात काहीही लिहिलेलं असतं, तरी माझी औषधाची चिठ्ठी तीच राहिली असती.’ कोणत्याही तपासणीवर पैसे मोजण्यापूर्वी विचारायचा प्रश्न हाच : उत्तर ‘हो’ आले काय, ‘नाही’ आले काय, पुढे काही वेगळे करणार आहोत का?

* * *

मग ‘ड’ भरून काढले, की पाळी सुरळीत होईल? भावाच्या बायकोने आशेने विचारले. त्याचेही उत्तर सरळ नाही. पीसीओएस असलेल्या पुष्कळ स्त्रियांत ‘ड’ कमी आढळते. पण ते बाकीच्यांतही कमी असतेच. शिवाय हे जीवनसत्त्व चरबीत विरघळून तिथेच अडकते, म्हणून वजन वाढले की रक्तातले प्रमाण घटते. कोण कारण आणि कोण परिणाम, हा गुंता आहे. ‘ड’ देऊन झालेले बरेच प्रयोग लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. तेव्हा कमतरता भरायची ती हाडांसाठी, स्नायूंसाठी. पाळीसाठी हमखास उपाय म्हणून नव्हे.

आणि भरायची तीही मोजून. साठ हजार युनिटची पुडी आठवड्याला एक, अशी आठ आठवडे. मग तपासून रोजची लहान मात्रा. निरोगी प्रौढाची रोजची गरज आपल्याकडे ६०० युनिट धरली आहे. एका वहिनींचे पाहून दुसरीने वर्षभर पुड्या घेत राहणे धोक्याचे. रक्तात कॅल्शियम वाढून ओकाऱ्या, मूतखडा, मूत्रपिंडाला इजा, इथवर मजल जाते. खरी औषधयोजना वेगळीच होती : रोज चालणे, वजन पाच-दहा टक्क्यांनी उतरवणे, पाळी नियमित यावी म्हणून गोळ्या, आणि रक्तातली साखर वेळोवेळी तपासणे. या मुलींना पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो आणि पाळी महिनोन्‌महिने न येणे गर्भाशयाच्या अस्तरालाही चांगले नाही. लपवून ठेवल्याने नुकसान होते, ते इथे.

* * *

राहिला साखरपुडा. नव्वदीला आलेल्या माझ्या आईचे मत ठाम होते : ‘पोरनं लगीन करी टाका, सर्व नीट व्हई जाई.’ अक्काच्या वेळीही हेच म्हटले गेले होते. पण ते आईला बोलून दाखवण्याचा धीर मला झाला नाही. भाऊ म्हणाला, लग्न झाल्यावर सांगू. शेवटी पुतणीच म्हणाली, ‘आबा, मी सांगते त्याला. माझी पाळी आहे, मीच सांगीन.’

तिने सांगितले. पुढच्या रविवारी दोघे आमच्या ओसरीवर तासभर बोलत बसले. पंधरा दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला, की पत्रिका जुळत नाही. पत्रिका दिवाळीतच जुळली होती.

घरात दोन दिवस चूल नीट पेटली नाही. भावाची बायको माझ्याशी बोलेना. तिचे चुकत नव्हते. ‘सांगा’ म्हणणाऱ्याला किंमत मोजावी लागली नव्हती, तिच्या मुलीला लागली होती. आजही मला खात्रीने म्हणता येत नाही, की सांगितले म्हणून सारे चांगलेच झाले. एवढेच म्हणेन : सात वर्षांनी कुणी तिला आणून सोडण्यापेक्षा हे बरे.

पण ती गोष्ट गल्लीत झालीच. आणि त्यानंतरच्या दीड महिन्यात तीन घरच्या बायका एकेकट्या आमच्याकडे आल्या. माझ्याकडे नव्हे, भावाच्या बायकोकडे. तिघींच्याही पदराआड आपापल्या मुलीचे कागद होते. तिने त्यांना डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला आणि बजावून सांगितले, ‘ती अकरा हजारांची तपासणी करू नका.’

फाल्गुनात मी पुन्हा सोनगीरला गेलो, तेव्हा गच्चीवर दोन खाटा टाकलेल्या होत्या. मायलेकी बिबडे थापत होत्या. अकरा वाजून गेले होते. मला पाहून आईने सवयीने मुलीला म्हटले, ‘अगं, स्कार्फ तरी बांध.’ आणि मग स्वतःच थांबून म्हणाली, ‘राहू दे. अर्धा तास राहू दे.’